नवी परफॉर्मन्स गाडी सर्व्हिसला देताना डीलरवर विश्वास कसा टाकायचा, किती आणि कधी

पहिल्या सर्व्हिसहून गाडी घरी आणली त्या रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये टॉर्च धरून मी डिपस्टिक बाहेर काढली, तर ऑइल मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर. पुसून परत बघितलं, तेच. मग बिल काढलं, त्यात ऑइलची जाडी ५डब्ल्यू-३० लिहिलेली आणि मॅन्युअलमध्ये माझ्या इंजिनासाठी ०डब्ल्यू-२० आणि कंपनीचा अप्रूव्हल नंबर सरळ छापलेला. मागच्या डाव्या अलॉयच्या कडेला नवा ओरखडा, ओडोमीटर १९ किलोमीटर पुढे. शोरूम मोठं होतं, कॉफी चांगली होती, ॲडव्हायझर फार गोड बोलत होता, आणि मी जॉब कार्डवर, म्हणजे कामांच्या यादीच्या कागदावर, न वाचता सही केली होती.

डीलरचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका डीलरचा नाही. पुण्यात आता टर्बो पेट्रोल, डीसीटीवाल्या (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) जोरदार गाड्या खूप झाल्यात, दीडशे बीएचपीच्या सेडानपासून साडेतीनशेच्या वरच्या बीएमडब्ल्यूपर्यंत, आणि लोक आयुष्यातली सगळ्यात महागडी हौस करतात आणि चावी देताना मात्र एकतर डोळे मिटून देतात नाहीतर पूर्ण अविश्वासाने भांडत देतात. दोन्हीत गाडीचं नुकसानच. नंतरच्या सर्व्हिसेसना मी जे करत गेलो ते सगळं इथे क्रमाने लिहितोय, ज्यांची पहिली सर्व्हिस अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी खास.

आधी सर्व्हिस सेंटर बघा, शोरूम नंतर

गाडी बुक करायच्या आधीच एकदा वर्कशॉपला जाऊन या. बाणेरला किंवा विमाननगरला शोरूम असतं आणि वर्कशॉप कुठेतरी वेगळीकडेच असतं, पिरंगुट रोडला, वाघोलीकडे, चाकणकडे, आणि तुमची गाडी पुढची पाच-सात वर्षं त्या दुसऱ्या जागी जाणार आहे. मंगळवारी-बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास जा, शनिवारी गेलात तर फक्त गर्दी दिसेल.

काय बघायचं? टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना, भिंतीवर टांगलेला आहे की खरंच हातात आहे. चाकं बसवताना मुलं एअर गनने घट्ट करून सोडून देतात की शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने करतात. लिफ्टच्या हातांवर रबरी पॅड शाबूत आहेत का, कारण परफॉर्मन्स गाडीचं साइड स्कर्ट खाली असतं आणि पॅड फाटलेला असला की लोखंड थेट जॅक पॉइंटच्या कडेला लागतं, ती कड दुमडते, रंग उडतो आणि पहिल्या पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो. वॉशिंगला किती गाड्यांना एकच फडकं वापरतायत. ह्या चार गोष्टी पाच मिनिटांत कळतात, आणि माझा अनुभव असा की ज्या सेंटरला ह्या चार नीट आहेत तिथे बाकीचंही बहुतेक नीट असतं.

मग ॲडव्हायझरला सरळ विचारा की ह्या मॉडेलच्या महिन्याला किती गाड्या येतात, त्यावर काम करायचं ट्रेनिंग कुणाला आहे, आणि त्याला भेटता येईल का. तुमच्या गाडीचा नट उघडणारा माणूस ॲडव्हायझर नसतो हे पक्कं लक्षात घ्या, तो फक्त कागद लिहितो. तुम्हाला ओळख करून घ्यायची आहे ती टेक्निशियनशी आणि फ्लोअर इनचार्जशी. माझी गाडी आता ज्या मुलाकडे असते तो औंधच्या आयटीआयमधून शिकलेला, बोलायला कमी, पण हाताला शिस्त अशी की काढलेले बोल्ट ट्रेमध्ये ओळीने मांडून ठेवतो. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, नटाबद्दल विचारलं, "दादा, ह्या इंजिनाला चेंबरचा नट दरवेळी नवा लागतो का?" तो म्हणाला, "हो सर, जुना परत लावला की पाझरतो, आम्ही ऑइल फिल्टरबरोबर तोही नवा काढून ठेवतो." हे त्याने न विचारता सांगितलं असतं तर अजून बरं झालं असतं, पण विचारल्यावर एका दमात बरोबर उत्तर आलं एवढंही मला पुरलं.

डिलिव्हरीच्या आधीची तपासणी, म्हणजे पीडीआय

डीलरची परीक्षा सर्व्हिसच्या आधीच सुरू होते. गाडी रजिस्टर व्हायच्या आधी बघायला मागा, एकदा आरटीओला नाव लागलं की गाडी नाकारणं फार अवघड होऊन बसतं. चॅसी नंबर कागदाशी जुळवा. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, ३५२४ म्हणजे २०२४ सालातला ३५वा आठवडा, चारही टायर एका सुमाराचे हवेत. बॅटरीचं व्होल्टेज मोजायला सांगा, गाडी बंद असताना साडेबाराच्या आसपास असेल तर ठीक, १२.२च्या खाली असेल तर ती गाडी यार्डात बरेच दिवस नुसती उभी होती असं समजा आणि बॅटरीबद्दल लेखी घ्या.

बाहेरून इम्पोर्ट होऊन येणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. जहाजातून, ट्रेलरवरून येताना गाडी खाली आपटू नये म्हणून बऱ्याच कंपन्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगमध्ये ठोकळे बसवून पाठवतात आणि टायरमध्ये हवाही जास्त भरलेली असते. ते ठोकळे पीडीआयमध्ये काढायचे असतात. राहून गेले तर गाडी दगडासारखी कडक चालते आणि मालक म्हणतो स्पोर्ट्स सस्पेन्शन आहे, असंच असणार. तसंच गाडी ट्रान्सपोर्ट मोडमध्ये असते, तो बंद केला नसेल तर काही फीचर्स चालतच नाहीत. म्हणून पीडीआयची भरलेली चेकलिस्ट मागा, सही आणि तारखेसकट. देत नसतील तर तिथेच थांबून विचारा का देत नाही.

डिलिव्हरीच्या दिवशी पूजा आपण सगळेच करतो, करावीच, पण बॉनेटवरचं ओलं कुंकवाचं स्वस्तिक उन्हात वाळू देऊ नका. घरी पोचल्यावर भरपूर पाण्याने भिजवून मऊ मायक्रोफायबरने अलगद काढा, कोरड्या फडक्याने घासलंत तर क्लिअर कोटवर ओरखडे कायमचे. आणि डीलर "सर, फ्रीमध्ये टेफ्लॉन करून देतो" म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. नव्या रंगावर घाईत बफिंग मशीन फिरवलेलं काळ्या आणि निळ्या गाड्यांवर पहिल्याच उन्हात गोल गोल दिसतं. पीपीएफ (रंगावर बसवायची पारदर्शक फिल्म) किंवा सिरॅमिक कोटिंग करायचं असेल तर डिटेलिंगवाल्याकडे, त्याचं काम आधी बघून करा.

मॅन्युअल वाचा, खरंच वाचा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं. तीन गोष्टी फोनमध्ये लिहून ठेवा: ऑइलचा अप्रूव्हल नंबर आणि किती लिटर लागतं, सर्व्हिस किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी, आणि रनिंग-इनचे, म्हणजे नवं इंजिन रुळेपर्यंत गाडी कशी चालवायची त्याचे नियम.

ऑइलबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण गोंधळ इथेच होतो. ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० ही फक्त ऑइलच्या जाडीची भाषा झाली. खरी ओळख असते कंपनीचं अप्रूव्हल, म्हणजे फोक्सवॅगन ५०२ ००, ५०८ ००, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०१, मर्सिडीज २२९.५ असं. जाडी सारखी असलेली दोन ऑइल्स अप्रूव्हल वेगळं असेल तर एकमेकांच्या जागी चालतीलच असं नाही. फोक्सवॅगन ५०८ ००चं ऑइल हिरवट रंगाचं येतं, म्हणजे ते कॅनमधून ओतताना नुसतं बघूनही अंदाज येतो. आणि जास्त भरलेलं ऑइल कमी भरलेल्याइतकंच वाईट, क्रँकशाफ्ट त्यात फिरायला लागला की फेस होतो, फेसाळलेलं ऑइल नीट वंगण देत नाही आणि ब्रीदरच्या नळीतून ते इंजिनात हवा घेणाऱ्या इनटेककडे ढकललं जातं. माझ्या गाडीत हेच होऊ शकलं असतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधी मी दारात उभा होतो.

रनिंग-इनच्या काळात तुमची बाजू स्वच्छ ठेवा. फोक्सवॅगन ग्रुपच्या मॅन्युअल्समध्ये पहिले १,००० किलोमीटर फुल थ्रॉटल नको, कमाल आरपीएमच्या दोन तृतीयांशाच्या वर नको, मग १,५०० पर्यंत हळूहळू वाढवा असं असतं. बीएमडब्ल्यूच्या एम२, एम३सारख्या एम गाड्यांना २,००० किलोमीटरला खास रनिंग-इन सर्व्हिस असते ज्यात इंजिन ऑइल आणि डिफरन्शियलचं ऑइल बदलतात, ती चुकवू नका, आणि ती झाल्याची नोंद डिजिटल रेकॉर्डमध्ये पडली का ते बघा. गाडी घेतल्या घेतल्या मित्रांना घेऊन ताम्हिणीला लाँच कंट्रोल (उभ्या गाडीतून पूर्ण जोराने सुटायची सोय) दाखवायचा मोह होतो, मला कळतं, पण गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये बऱ्याच गोष्टींची नोंद राहते आणि वॉरंटी क्लेमच्या वेळी ती उघडली जाते.

रिमॅपचं, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचंही इथेच सांगून टाकतो. वॉरंटीत असलेल्या गाडीला स्टेज वन, म्हणजे पहिल्या पातळीचा रिमॅप करायचा असेल तर इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी गेली असं धरूनच करा. फोक्सवॅगन ग्रुपमध्ये ट्यून पकडला गेला की त्या चॅसी नंबरवर टीडी१ हा शेरा लागतो, मग तुम्ही देशातल्या कुठल्याही डीलरकडे जा, तो त्यांना स्क्रीनवर दिसतो. परत स्टॉक फाइल (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) टाकली तरी किती वेळा फ्लॅश झाला ते मोजणारा काउंटर असतोच. डीलरने प्रामाणिक राहावं असं वाटत असेल तर आपणही हे लपवून क्लेम करू नये, माझं मत स्पष्ट आहे.

अपॉइंटमेंट कधी घ्यायची

मंगळवार किंवा बुधवार, सकाळचा पहिला स्लॉट. शनिवार नको. दसरा-दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस नकोत कारण सगळी माणसं डिलिव्हरीच्या मागे लागलेली असतात आणि वॉशिंगला पोरं रात्री दहापर्यंत राबत असतात, थकलेल्या माणसाकडून काम चुकणारच. गणपतीच्या दहा दिवसांतही निम्मा स्टाफ गावी. गुरुवारी आपल्याकडे पाणी बंद असण्याचे दिवस बरेच येतात, तेव्हा टँकरच्या पाण्याने गाडी धुतली जाते आणि त्या पाण्याचे पांढरे डाग काळ्या रंगावर बसतात. गाडी धुवायची नाही असं सांगितलंच असेल तर हा प्रश्न येत नाही म्हणा.

फोनवर बुक केलं तरी एक ईमेल टाकाच. त्यात कामं, ऑइलचं अप्रूव्हल, आणि पार्ट्स स्टॉकमध्ये आहेत का हा प्रश्न. उत्तर लेखी आलं की अर्धं काम झालं. गाडी आत खोलून ठेवलीय आणि फिल्टर मुंबईहून यायचाय ही वेळ येत नाही.

चावी देताना

इथे वीस मिनिटं जास्त घालवा, अगदी घड्याळ लावून. गाडी रात्री सोसायटीतच स्वच्छ धुऊन न्या, मळलेल्या गाडीवर ओरखडा जुना की नवा हे कुणालाच सांगता येत नाही. गेटच्या आत उभी करून चारही बाजूंनी एक सलग व्हिडिओ काढा, प्रत्येक अलॉय जवळून, पुढचा लिप (बंपरची खालची कड) खालून, शेवटी डॅशबोर्डवर ओडोमीटर आणि पेट्रोलचा काटा. ट्रिप मीटर शून्य करा. हे लपूनछपून करू नका, ॲडव्हायझरच्या समोर करा आणि त्याला सांगा की "साहेब, रेकॉर्डसाठी काढतोय, तुमच्याही उपयोगाचं आहे." बहुतेकांना काही वाटत नाही, उलट गाडीची फेरी तेही काळजीने मारतात.

मग जॉब कार्ड. तोंडी सांगितलेलं आतपर्यंत पोचत नाही, ॲडव्हायझर दिवसाला बारा-पंधरा गाड्या घेतो. माझ्या जॉब कार्डवर मी हे शब्द लिहून घेतो, तुम्ही जसेच्या तसे वापरा:

"गाडी धुवू नये, पुसू नये, डॅशबोर्ड-टायरला पॉलिश लावू नये. लिफ्टवर घेताना फक्त ठरलेल्या जॅक पॉइंटवर, रबर पॅड लावून. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने. ऑइल मॅन्युअलमधल्या अप्रूव्हलचंच, कॅन मालकाला दाखवून. टेस्ट ड्राइव्ह मालक सोबत असतानाच. एस्टिमेटच्या बाहेरचं कुठलंही काम फोनवर विचारल्याशिवाय करू नये. काढलेले पार्ट परत द्यावेत."

सिस्टिममध्ये एवढं बसत नाही म्हणाले तर छापलेल्या कागदावर पेनने लिहा, दोघांच्या सह्या, फोटो. मराठीत लिहिलंत तर उत्तम, कारण टेक्निशियन ते वाचतो. इंग्रजीतला छापील मजकूर कुणीच वाचत नाही.

टेस्ट ड्राइव्हबद्दल थोडं समजून घ्या, ब्रेकचं काम झालं किंवा अलाइनमेंट झालं की तीन-चार किलोमीटर चालवून बघणं हे त्यांचं कामच आहे आणि न बघता गाडी दिली तर ती चूक ठरेल. आक्षेप त्याला नाही. १९ किलोमीटरला आहे, आणि थंड इंजिनावर रेडलाइनला नेण्याला आहे. डॅशकॅम असेल तर चालू ठेवा, आत ऑडिओ रेकॉर्ड होतोय हे मात्र सांगून ठेवा. कनेक्टेड ॲप असेल तर स्पीड अलर्ट आणि जिओफेन्स (गाडी ठरलेल्या हद्दीबाहेर गेली की फोनवर सूचना देणारं) लावून ठेवता येतं, वर्कशॉपभोवती दोन-तीन किलोमीटरचं.

काम चालू असताना

पहिल्या दोन सर्व्हिसना सुट्टी काढून तिथेच थांबा. आत जायला सेफ्टीच्या कारणाने मनाई असते आणि ती रास्त आहे, लिफ्टखाली उभं राहणं धोक्याचं. पण काचेतून दिसतं, आणि ऑइल भरताना दोन मिनिटं गाडीच्या कामाच्या जागेजवळ येऊ द्या अशी फ्लोअर इनचार्जला विनंती केली तर बहुतेक वेळा हो म्हणतात. मागे उभं राहून सूचना करत बसू नका, माणूस अवघडतो आणि अवघडलेल्या माणसाच्या हातून पाना सुटतो. मी फक्त तीनच क्षण बघतो: गाडी लिफ्टवर जाताना पॅड कुठे लागलेत, ऑइलचा कॅन कुठला आणि किती भरलं, आणि शेवटी चाकांचे बोल्ट.

एअर फिल्टर, केबिन फिल्टर बदलायचे असतील तर जुन्यावर घरूनच मार्करने बारीक खूण करून न्या. परत दिलेल्या जुन्या पार्टवर ती खूण असली की बदलला हे नक्की. हे अविश्वासाने नाही, एकदा जुळलं की तुमचा विश्वास पक्का होतो आणि पुढच्या वेळी खूण करायची गरजच उरत नाही.

चाकाचा बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा माहीत हवा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बहुतेक गाड्यांना १२० न्यूटन मीटर, बीएमडब्ल्यूच्या एम१४ (१४ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला १४०, तुमच्या मॅन्युअलमधला बघून घ्या. एअर गनने प्रमाणाबाहेर आवळले की बोल्ट ताणतो, डिस्कचा हब वाकडा दाबला जाऊ शकतो आणि जोरात ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं, आणि रस्त्यात पंक्चर झालं तर गाडीतल्या पान्याने बोल्ट उघडतच नाही. कात्रजच्या बोगद्याच्या अलीकडे रात्री साडेअकराला हा अनुभव मी घेतलाय, पान्यावर उभा राहिलो तरी बोल्ट हलेना, शेवटी टो ट्रक बोलवावा लागला. आता टॉर्क रेंच माझ्याकडे घरी आहे, नाना पेठेत टूल्सच्या दुकानात साधा क्लिकवाला मिळतो आणि पुरतो. ५०-१०० किलोमीटर चालल्यावर बोल्ट परत तपासतो.

"सर, हेही करून घ्या"

आता तो फोन येणार. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, डिकार्बनायझेशन, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग. ॲडव्हायझरवर टार्गेट असतं, त्याच्यावर रागवून उपयोग नाही. एकच प्रश्न विचारा: हे मॅन्युअलच्या शेड्यूलमध्ये कुठल्या पानावर आहे? नसेल तर नको.

डिकार्बनायझेशनचं कारण समजून घ्या म्हणजे नाही म्हणायला जोर येईल. डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून जातच नाही, म्हणून तिथे काजळी साठते हे खरं. पण त्याच कारणाने पेट्रोलच्या टाकीत ओतलेलं क्लीनर त्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. ती खरोखर काढायची तर इनटेक मॅनिफोल्ड उघडून, अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने ब्लास्टिंग करतात, आणि ते काम बरंच चाललेल्या गाडीचं आहे, नऊ हजार किलोमीटरच्या नव्या गाडीचं नाही.

याउलट काही गोष्टी मी आपणहून जास्त करून घेतो. ऑइल मी शेड्यूलच्या अर्ध्यातच एकदा बदलतो. शेड्यूल १५,००० किंवा एक वर्ष असतं पण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तासाला दहा-बारा किलोमीटरने सरकते, किलोमीटर कमी पडतात आणि इंजिनाचे तास भरपूर होतात, वर टर्बोची उष्णता. हे बदलून घेणं डीलरकडेच करतो म्हणजे नोंद सलग राहते. बाहेर केलंत तर अप्रूव्हल नंबर लिहिलेलं पक्कं बिल जपून ठेवा. एक्स्टेंडेड वॉरंटी डीसीटीवाल्या गाडीला घ्याच असं माझं ठाम मत, फक्त त्यात क्लच आणि मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलण्याचं नियंत्रण करणारा भाग) धरलंय का ते वाचून.

पैसे भरायच्या आधी

क्रम उलटा करू नका, आधी गाडी मग कार्ड. सपाट जागेवर, इंजिन गरम असताना बंद करून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून डिपस्टिक बघा, काही गाड्यांना डिपस्टिक नसतेच, त्यात स्क्रीनवर मेजरमेंट लावा. टॉर्चने चेंबरखाली ओल आहे का. खालचं प्लास्टिक कव्हर पूर्ण स्क्रूंनी बसलंय का, एखादा स्क्रू कमी असला की एक्सप्रेसवेवर फडफडतं. सकाळच्या व्हिडिओशी अलॉय आणि लिप जुळवून बघा. टायरची हवा स्वतः मोजा, बऱ्याच ठिकाणी सगळ्या गाड्यांना एकच प्रेशर मारतात, तुमचं दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत छापलेलं असतं. हवा बरोबर झाली की टीपीएमएस, म्हणजे हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा, रीसेट.

बिलावर ऑइलचं पूर्ण नाव, किती लिटर आणि पार्ट नंबर हवा. नुसतं "इंजिन ऑइल" असेल तर बदलून घ्या. सर्व्हिस कंपनीच्या ऑनलाइन रेकॉर्डमध्ये चढल्याचा प्रिंट किंवा स्क्रीनशॉट घ्या, उद्या वॉरंटी क्लेम आणि परवा रीसेल दोन्ही त्याच्यावर. चॅसी नंबरवर काही रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन बाकी आहे का हेही त्याच वेळी विचारा, ते मोफत असतं.

आणि सगळं नीट असेल तर फीडबॅक कॉलला टेक्निशियनचं नाव घेऊन चांगलं सांगा. वरपर्यंत पोचतं ते, आणि पुढच्या वेळी "ती गाडी मीच घेतो" असं तो मुलगा म्हणतो.

चूक झालीच तर

त्याच दिवशी. फोटो, व्हिडिओ, बिल, जॉब कार्ड जोडून ईमेल, ॲडव्हायझरला नाही तर वर्क्स मॅनेजरला, कॉपी कंपनीच्या कस्टमर केअरला. आवाज चढवू नका आणि सोशल मीडियावर लगेच टाकू नका, आधी त्यांना दुरुस्त करायची संधी द्या. माझ्या बाबतीत वर्क्स मॅनेजरने चूक कबूल केली, ऑइल-फिल्टर परत बदलून दिलं, बिल सुधारून दिलं, अलॉयचं मात्र "आधीचंच असेल" म्हणाले आणि माझ्याकडे सकाळचा फोटो नव्हता, तिथे मी गप्प बसलो.

ते ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, बऱ्याच वेळा कंपनी तिथेच हलते. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, दोन वर्षांच्या आत, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, आणि रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फीच नाही. वकील लागतोच असं नाही, कागद लागतात, आणि वर सांगितलेलं सगळं केलं असेल तर ते कागद तुमच्याकडे तयारच आहेत.

"बाहेर हात लावला तर वॉरंटी रद्द" हे वाक्य कुणी फेकलं तर कुठल्या कलमाखाली ते लेखी मागा. सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या गॅरेजना न देण्याच्या प्रकरणात २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटींचा दंड लावला होता, पुढे त्यावर अपिलं झाली, पण प्रश्न तुमच्या एकट्याच्या डोक्यातला नाही एवढं त्यावरून कळतं.

आणि दुसरं सेंटर बघायला लाजू नका. गाडी जिथून घेतली तिथेच सर्व्हिस केली पाहिजे असा नियम नाही, त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सेंटरला वॉरंटीचं काम होतं. मी तेच केलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो, एका बाजूला पाऊण तास लागतो.

तिसऱ्या सर्व्हिसपासून मी तिथे थांबत नाही, चावी देऊन रिक्षाने ऑफिसला जातो. मार्करची खूण बंद केली, जिओफेन्स बंद केलं. व्हिडिओ, कॅनचा फोटो आणि घरी आल्यावर बोल्ट एवढं चालूच आहे, कॅनचा फोटो आता तो मुलगाच व्हॉट्सॲपवर पाठवतो. मागच्या महिन्यात त्याने सांगितलं की दुसऱ्या कंपनीत नोकरीचं बोलणं चाललंय. तो गेला तर त्याच्या जागी कोण येतोय ते विचारून ठेवलंय, आणि पुढची सर्व्हिस परत सुट्टी काढून, काचेपाशी उभं राहून.